ब्रेकवर कुणाचा पाय

मार्सेलिन विलायतेला जाताना किल्ली देऊन गेला.
"दर आयतारी पंधरा मिनिटं चालू ठेव,
नाहीतर बॅटरी बसते."
मी कदंबात एकतीस वर्षं कंडक्टर.
एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे सूट,
गाडीविषयी मला एवढंच ठाऊक.

त्या आयतारी इंजिन बंद केलं, किल्ली काढली,
घरी येऊन पेज जेवलो, अंग टेकलं,
तर कुंपणापलीकडून पियेदादची हाक:
"सोयरू, मार्सेलिन आयलो रे?
घरांत उजवाड दिसता!"

उजवाड होता खरा. पण घरात नव्हे,
पोर्चमधल्या गाडीचे मागचे दोन दिवे,
लालबुंद.
आणि त्या लालीत बलकांव, सोपे,
खिडकीतल्या शिंपल्यांची तावदानं,
दीड वर्ष बंद असलेलं सगळं घर
आत कुणी निखारे फुंकत बसल्यासारखं.

दांडा फिरवला. पुढचे पेटले, विझले.
किल्ली घातली, काढली. दार उघडलं, आपटलं.
इंडिकेटर, वायपर, तो लाल त्रिकोण,
जे दिसेल ते चालू केलं, बंद केलं.
सगळं ऐकलं माझं,
त्या दोघांनी सोडून.

स्विंडनला फोन लावला. तिथे अजून ऊन होतं,
तो गोदामात, खोक्यांच्या शिफ्टवर.
"स्टिअरिंगखाली झाकण आहे, फ्यूज ओढ."
ओढला. घड्याळ गेलं.
दुसरा ओढला. आतला बल्ब गेला.
मग अंधारात तिसरा कुठला ते कळेना.
"सोड. बॅटरीचं काळं टोक काढ.
दहा नंबरचा पाना डिकीत, गोणपाटाखाली."

पाना होता. शिवाय एक छत्री,
आणि त्याच्या पोराचे फुटबॉलचे बूट,
हळदोण्याची माती अजून खिळ्यांत,
आता पायात न शिरणारे.

एक ठिणगी. काळं टोक सुटलं,
आणि घर परत बंद झालं.
पियेदाद गाऊनवरच दारात उभी होती.
"गेलो?" तिनं विचारलं.

सकाळी पोदेर भोंगा वाजवत आला,
"तिकडे किती पाव ठेवू?" म्हणाला.

इनास मेस्त म्हापशाहून स्कूटरवर आला,
बॅटरी जोडून सीटखाली उलटा शिरला,
बाहेर फक्त पाय, तोंडात बॅटरी, म्हणजे टॉर्च.
वर आला तो तळहातावर पिवळट भुगा घेऊन,
ओल लागलेल्या बिस्किटासारखा.
"हें पळय. पेडलाला एक बोंड असतं, चण्याएवढं.
पाय काढला की पेडल वर येतं,
बोंड बटण दाबतं, दिवे विझतात.
बोंडाचा झाला भुगा.
पेडल येतं वर, पण दाबायला काही नाही.
गाडीला वाटतं, पाय अजून ब्रेकवर आहे."

"कुणाचो?" मी विचारलं.
इनास हिशेबात होता.
वीस रुपयांची वस्तू, पण म्हापशात नाही,
पणजीहून येईल, बुधवारी, कदाचित.
तोवर त्यानं माझ्याच जुन्या चपलेचा
नाण्याएवढा तुकडा कापला, चिकटवला.
दिवे विझले.

मार्सेलिनला कळवलं.
पलीकडून नुसताच खोक्यांचा आवाज.
मग म्हणाला, "फोटो काढलास?
घर तांबडं झालेलं?"
नव्हता काढला.

तो बुधवार येऊन तीन महिने झाले.
चपलेचा तुकडा धरून आहे.
आयतारी इंजिन चालू करतो, मागे जाऊन उभा राहतो.
एकट्यानं दोन्ही होत नाही,
म्हणून पियेदाद आत बसते, दोन्ही पायांनी पेडल दाबते.
घर तांबडं होतं. तावदानं, सोपे, सगळं.
झालं बघून, मी पत्र्यावर थाप मारतो.
एक. दोन.
दोन म्हणजे सूट, तिला सांगितलंय मी.

ती लगेच पाय काढत नाही.