अप अँड लेफ्ट

मंगळवारी रात्री अंक छापायला जातो.
केप ब्रेटनच्या बंदरावरचं धुकं
खिडकीच्या काचेला नाक लावून उभं,
आणि इफी मॅकफेल, वय एकसष्ट,
साप्ताहिकाची एकुलती एक मुद्रितशोधक,
कानामागची लाल पेन्सिल काढते.

नव्या पोराने लिहिलंय:
मार्चमध्ये मासळीचा कारखाना अप अँड लेफ्ट.
म्हणजे बसल्या जागचा उठला नि गेला,
ना निरोप, ना वळून बघणं.

लॉकलन दारातच घुटमळतोय.
‘अप्ड हवं होतं ना? भूतकाळ आहे.’
समुद्रापलीकडे अप्ड लिहितात, ती म्हणते,
इथे नुसतं अप चालतं.
माझा बाप तसंच म्हणायचा,
आणि तो शाळेत गेला नव्हता,
म्हणजे त्याचं बरोबरच असणार.
हायफन नको. स्वल्पविराम तर मुळीच नको:
असा जाणारा
मध्ये श्वास घ्यायला थांबत नाही.

पण पेन्सिल त्या ओळीवरून उठत नाही.

ऑक्टोबरात बर्फाची यंत्रं ट्रकवर चढली.
नाताळात कॅलेंडरं वाटली नाहीत.
मॅनेजरच्या बायकोने पियानो विकला,
तोही पडत्या भावात, तोही इफीच्या नणंदेला.
ध्यानीमनी नसताना, म्हणे.
कुणाच्या ध्यानी? कुणाच्या मनी?
अख्खं गाव बघत होतं.
बघत होतं आणि चहा पीत होतं.

ती खोडते. वर लिहिते:
हळूहळू, सगळ्यांच्या देखत, गेला.
‘ह्यात जोर नाही,’ पोरगा म्हणतो.
नाहीच, ती म्हणते.

एकोणीस वर्षांपूर्वी बॉस्टनच्या बहिणीला
तिनेच पत्रात लिहिलं होतं:
रॉडी अप अँड लेफ्ट.
चूक. तेही चूक.
त्या उन्हाळ्यात त्याने तिला
रेडिएटरमधली हवा काढायला शिकवलं,
गाडी तिच्या नावावर केली,
बुटांना नवे तळ मारून आणले.
आठ महिने तो जात होता
आणि ती त्याच्या मोज्यांच्या जोड्या लावत होती.

आई मात्र.
आई टोस्टला लोणी लावता लावता
खिडकी लोटायला उठली.
अर्धा टोस्ट माखलेला, अर्धा कोरडा,
सुरी लोण्यात उभी.
तिच्यासाठी बसला असता तो शब्द,
कुठेही न घासता.
पण मृत्युलेखात इफीने लिहिलं
‘शांतपणे निधन झालं’,
कारण तशी पद्धत आहे,
आणि जागा दोनच ओळींची होती.

‘पान सोडायचं?’ लॉकलन विचारतो.
सोड, ती म्हणते,
आणि पेन्सिलीला टोक करत बसते.
टोक आहे. तरी करते.