होकार

फियॉर्डच्या टोकाशी मासे कापायचा आमचा कारखाना.
डिसेंबरात सूर्य डोंगराआडच असतो,
गावात उतरत नाही.
दिवस उजाडतो तो भोंग्यावर.

जूनमध्ये मला मुकादम केलं.
निळी टोपी गेली, लाल आली.
दोन दिवस रेक्याविकला धाडलं शिकायला.
उबदार खोली, पांढऱ्या भिंतीवर बाण आणि वर्तुळं :
नजरेला नजर द्या. स्पष्ट बोला. खात्री करून घ्या.
मी सगळं वहीत उतरवलं, पोलिशमध्ये,
शाळेतल्यासारखं, खाली रेघ मारून.

इथे कानात बोळे, तोंडावर मास्क,
पट्ट्याची घरघर, बर्फ ओतल्याचा खडखडाट.
माणूस म्हणजे टोपी आणि मास्क यांच्यामधली
चार बोटं जागा.

पहिल्याच आठवड्यात क्रिसांतोला विचारलं,
"सुऱ्यांना धार लावलीस?"
त्याने भुवया उडवल्या.
परत विचारलं. परत उडवल्या.
माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.
सगळ्यांदेखत त्याला फैलावर घेतलं.
सुऱ्या लखलखत होत्या.

जेवणाच्या सुट्टीत त्याची मावसबहीण आली, अंग चोरून.
"आमच्याकडे भुवया उचलल्या म्हणजे हो, ताई."
मी कपातल्या कॉफीकडे बघत राहिले.

मी नवी होते तेव्हा 'नो, नो' म्हणायचे,
आमच्याकडे ते 'हो, हो' असतं.
लोक नकार समजून
हातातलं काम काढून घ्यायचे.
आणि खुद्द इथल्यांचा होकार?
'याऊ', तोही श्वास आत ओढत,
दचकल्यासारखा.
पहिला हिवाळाभर मला वाटायचं,
या बायकांना रोज कसला एवढा धक्का बसतो?

दुसऱ्या दिवशी पट्टा थांबवून माफी मागितली,
सगळ्यांदेखत, कारण ओरडले होते सगळ्यांदेखत.
क्रिसांतोने भुवया उडवल्या.

स्टेनव्हर निवृत्तीला आलेली,
डाव्या हाताची करंगळी अर्धीच.
म्हणाली, "हे होकार तू शिकशील ग.
माझं बोट गेलं ते निराळ्या होकाराने.
'समजलं ना?' विचारलं एकाने. मी हो म्हटलं.
समजलं नव्हतं. परत विचारायची लाज वाटली.
'समजलं ना' हा प्रश्नच नव्हे, तो दम आहे.
तू म्हण : आता काय करशील? दाखव."

तेव्हापासून मी म्हणते, दाखव.
वेळ लागतो. पहिल्या तासाला तीन-चार पेट्या कमी भरतात.
पण लोक मास्कखालून हसतात हे
डोळ्यांच्या कडांवरून कळायला लागलंय.

वहीतलं सगळंच वाया गेलं असं नाही.
'खात्री करून घ्या' खरंच होतं.
फक्त ते वाक्य जिना चढून
वर थोरगिल्सच्या केबिनपर्यंत न्यायचं असतं,
हे कुणी सांगितलं नव्हतं.

सप्टेंबरात त्याने विचारलेलं :
पट्ट्याचा वेग वाढवू, मिनिटाला चार मासे जास्त. जमेल ना?
मी म्हटलं, हो.
लाल टोपी तेव्हा ढिली बसायची,
मान हलवली तर पडेल अशी.

त्यानंतर बायकांची मनगटं सुजायला लागली.
कुणी अवाक्षर काढलं नाही.
हातमोजे उतरवताना त्या
दातांनी उतरवायच्या, एवढंच.

काल जिना चढले.
"सप्टेंबरात मी हो म्हणाले ते खरं नव्हतं.
मला नाही म्हणायची भीती वाटली.
वेग कमी करायला हवा."

थोरगिल्सने खिडकीबाहेर पाहिलं.
दुपारचे तीन, मिट्ट काळोख,
धक्क्यावर एकच दिवा.
मग त्याने श्वास आत ओढला.

मी आभार मानून निघाले.
निम्मा जिना उतरल्यावर पाय अडला :
तो होकार होता, की नुसता श्वास?

परत वर गेले.
दार उघडंच होतं.

"दाखवा," म्हटलं.