ढील

रीळ ठेव इथे, गोणपाटावर.
टेबलावर नको; स्क्रू घरंगळतात,
आणि माझे गुडघे हल्ली जमिनीशी बोलत नाहीत.

कधी धुतलं होतंस? खरं सांग, फिर्मीनु.
नळ पूर्ण सोडून, ना?
त्या जोराने खार निघत नाही, आत पळतो.
आधी ड्रॅग घट्ट आवळायचा,
मग तान्ह्याचं डोकं धुतात तसं, ओंजळीने.
आणि फळीवर ठेवताना सैल सोडायचा,
रात्रभर मूठ वळून कोण झोपतं?

आता हँडल फिरव. हळू.
ऐकलास आवाज? खडीसाखर चावल्यासारखा.
ते बेअरिंग. ते गेलं.

चार स्क्रू सुटले. पाचवा अडला.
जोर नको. डोकं झिजलं की संपलं.
डागणीचं तापलेलं टोक त्याच्यावर टेकवायचं,
आणि तोवर दुसरं काहीतरी बोलायचं.
एर्मेलिंडाची खांदेदुखी कशी आहे?
पलीकडे पिकूने टोपी घातलीय, पाहिलीस ना,
उद्या ओर्ताबाहेर पडू नकोस.
हं. सुटला बघ.

आता वास घे. घेच.
ग्रीसची काकवी झालीय,
पितळेवर कळंक चढलाय, बुरशीसारखा हिरवा.
माणसं खाल्ल्या मिठाला जागतात म्हणे.
इथे मीठच खातं,
आणि कुणाला जागत नाही.

ही स्प्रिंग. श्वास रोखून धर,
शिंकलास तर दिवसभर दोघं फरशीवर.

आणि या चकत्या, ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप.
एक पोलादी, एक काळी, पुन्हा पोलादी.
तुटेपर्यंत ताणू नये, सगळेच सांगतात;
नेमकी कधी तुटेल, ते कुणी सांगत नाही.
ते यांना ठाऊक. दोरी तुटायच्या जराशी आधी
या एकमेकींवर घसरतात, आणि मासा पळतो,
आणि तू त्याला पळू देतोस.

थांब.
ही चौथी वेगळी आहे.

कातडं आहे. जाड. कडेला शिवणीची दोन टाक्यांची भोकं,
आणि हे मोठं, अर्धं कापलेलं,
बकलाची जीभ शिरते ते.
कुणाचा कमरपट्टा हा?
तुझ्याआधी कुणाकडे होतं हे रीळ?
वेलाशच्या लिलावात, मोडीत निघालेल्या बोटीच्या सामानात.
नाव माहीत नाही. बरं.

बघ ना, किती गोल कापलंय.
बोट हलत असणार, चाकू मासे साफ करायचा असणार,
आणि एक हात पँट धरायला गेलेला.
हसू नकोस.
मासा गळाला असताना रीळ उघडता येत नाही.
म्हणजे एक निसटला होता, चकती जाळून,
आणि हा माणूस भर समुद्रात बसून
पुढच्यासाठी पट्टा कापत होता.

तेल पाजलंय त्याने, माशाचंच बहुतेक.
किती वर्षं झाली असतील कोण जाणे.
थांब, काट्याला लावून ओढते.
नऊ किलो... नऊ...
झटका नाही. कुठे अडत नाही.
माझी नवी चकतीही
पहिल्या दिवशी इतकी गुळगुळीत सरकत नाही.

तरी मी ही काढणार.
कातडं ओलं झालं की फुगतं, तापलं की आकसतं,
आणि तुझ्या बोटीवर पैसे मोजून आलेले पाहुणे असतात,
त्यांना पट्ट्याची गोष्ट सांगून मासा परत येत नाही.
कार्बनची घालते. वर ग्रीस, नखभर, जास्त नाही.
चकतीचे चार युरो.

हे कातडं मला राहू दे.
चार युरो वजा कर. फिटलं.

काय करणार? काही नाही.
खिडकीपाशी खिळा आहे, त्याला अडकवीन.

बेअरिंग गुरुवारच्या बोटीने येईल. शुक्रवारी ये.
आणि ऐक, शर्ट वर कर जरा.
तुझा पट्टा बघू.
रेक्झिन.
हं. मग चकत्या दोन जास्तीच्या ने.