एकोणनव्वद, नवासी

छावणीतल्या बंद दवाखान्याच्या कमानीवर
पारव्यांच्या विष्ठेखाली साल कोरलंय:
MDCCCLXXXVIIII.

मी शिडीवरून मोजते, चष्मा पुसून, पुटपुटत.
हजार. पाचशे. तीन शंभर.
पन्नास, त्याला चिकटून तीन दहा.
पाच.
आणि पुढे चार उभ्या रेघा,
दूधवाल्यानं चौकटीवर कोळशानं ओढाव्यात तशा.

नियम मला पाठ आहे:
एकच खूण लागोपाठ चारदा येत नाही.
डावीकडे उभा राहिला तो वजा,
उजवीकडचा जमा.
नऊ म्हणजे दहाच्या दारात, डाव्या अंगाला, एक.

सकाळी फॉर्ममध्ये दगडावरचं जसंच्या तसं भरलं,
तर रकाना लाल झाला. अवैध आकडा.
फॉर्मला वाटलं मी चुकले,
मला वाटलं पाथरवट चुकला.
त्याच्या हातात कागद तर बरोबर दिला असेल कुणी;
त्यानंच ठरवलं असेल
की मोजत निघालो तर पुढेच जावं,
दगडात मागे कशाला वळायचं.

"अठारह सौ नवासी. और क्या?"
शिडी धरलेला गेंदालाल खालून म्हणतो.
त्याला ही अक्षरं येत नाहीत,
माझ्या पुटपुटण्याची त्यानं बेरीज केलीय.

नवासी.
ऐंशीवर नऊ.
वर तेच तर आहे, LXXX आणि मग VIIII,
हिंदीतच कोरलंय की यानं!

माझ्या घरी तोच आकडा एकोणनव्वद,
नव्वदच्या उंबऱ्याशी चपला काढत थांबलेला.
लहानपणी सराफ्यात सुटे मोजताना नवासी,
घरी हिशेब देताना एकोणनव्वद,
आणि एकदा घाईत उननव्वद,
तेव्हा दोन्हीकडचे हसले.

बासष्टच्या जुन्या यादीत
रेवाळ्यांच्या टपोऱ्या अक्षरात या कमानीपुढे
फक्त एवढंच: सन IXC.
आता हे कसं वाचायचं?
शंभराआधी नऊ, म्हणजे एक्याण्णव?
दोन वर्षं मी तसंच धरून बसले होते,
दवाखान्याचं वय दोनानं कमी करून.
रेवाळे शहात्तरात गेले. विचारणार कुणाला?
पण रेवाळे घरी मराठी बोलायचे.
एक, उणा, नव्वद.
कानाला ऐकू आलं तसं लिहून मोकळे झाले.

आणि नव्व्याण्णवला तरी आपण कुठे
एकोणशंभर म्हणतो?
पाढ्यात तिथे पोचलो की सगळे गुपचूप
नियम सोडून नव्वदावर नऊ ठेवतात,
रकाना लाल होत नाही.

मी फॉर्ममध्ये पुस्तकातलं भरते, LXXXIX,
तो हिरवा होतो.
शेऱ्यात लिहिते: दगडावर चार रेघा. रेवाळे बरोबर.
मग पुन्हा हात लावून पाहते.
चौथी रेघ बारीक आहे, काठाला रेटलेली,
दगड संपत आला होता तिथे.
तरी खोली तेवढीच. बोटाचं पेर जातं आत.

खालून गेंदालाल घड्याळ दाखवतो:
"उतरो मॅडम, पौने पाँच हो गए."
हो हो, म्हणते मी,
पावणेपाच.