एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस

अप्पा बळवंत चौकात, गाईडांच्या ढिगाखालून
ओढून काढलं मी ते. तीस रुपये.
पाठीवर चहाच्या कपाचा गोल,
आत शाईनं: ‘चि. कुमुदिनीस, वाढदिवसानिमित्त.’
कोण कुमुदिनी? तिला आवडलं नव्हतं का?
(पैसे भूमितीच्या गाईडाचे होते.
आईला अजून सांगायचंय.)

बसमध्ये खिडकी मिळाली.
डेक्कन गेलं, कर्वे पुतळा गेला असावा,
मला दिसत होतं फक्त होडीतलं भोक
आणि आत येणारं पाणी.
नावाडी डोळे मिटतो, उडी घेतो, आणि
एकशे बारानंतर थेट एकशे एकोणतीस!
तिथे तो कोरड्या कपड्यांत
निवांत पोहे खातोय.

“माळवाडी, लास्ट स्टॉप,” वाघोले कंडक्टर म्हणाले,
“तू डहाणूकरला उतरतेस ना रोज?”
मी पुस्तक पुढे केलं. सोळा पानं नाहीत हो.
त्यांनी बोट ओलं करून मोजली,
गल्ल्यातल्या नोटा मोजावीत तशी.
खरंच नव्हती.
“गाडी सुटायला बारा मिनिटं आहेत.
कसा वाचला, ते आता तूच सांग.”

सांगत सुटले.
ड्रायव्हर चहा घेऊन आला, पायरीवरच थबकला.
होडीत मी एक शेळी चढवली,
पुराला नाव दिलं, नावाड्याला एक खोटारडा भाऊ.
घंटी वाजली तेव्हा शेळी पाण्यात होती.

घरी जे व्हायचं ते झालं.
भूमितीच्या वहीत, मागच्या बाजूनं,
सात पानं लिहून झालीत.

आज बसमध्ये चढले तर
तिकिटाआधी प्रश्न:
“शेळीचं काय?”