लाभ, एरड

गडहिंग्लजहून निघालेली एस.टी. हेब्बाळ मागं टाकते
आणि कुणी न सांगता कळतं, हद्द गेली.
पाट्यांवरची अक्षरं गोल होत जातात,
परातीतल्या पिठात पोरानं बोट फिरवावं तशी.
नदी मात्र तीच, हिरण्यकेशी.
उसात बुडते, पुढच्या वळणाला वर येते.
तिला तिकीट नाही.

बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा संकेश्वरला चाललेय.
पिशवीत रिकामा डबा, मिरचीसाठी म्हणून.
खरं कारण घरी कुणी विचारलं नाही.

आई लग्नाआधी इथं वखारीत देठ खुडायची.
म्हणायची, सुगीत तिथली नदीसुद्धा शिंकते.
दिवस मावळता बोटांची आग घेऊन घाटावर जावं
तर पाण्यानं ती आणखीच भडकायची.
मग कुणीतरी ताकाची परात मांडायचं पायरीवर
आणि दहाबाराजणींचे हात एका परातीत, मनगटापर्यंत.
एवढंच सांगायची.
मजुरी किती, मालक कोण, रडायला यायचं का,
ते सगळं ताकात राहिलं.

बाजार भरलेला.
दगडी कमानीच्या सावलीत चपला दुरुस्त होतात,
कोंबड्या पाय बांधून गप्प,
एक म्हातारा नुसतीच कुलपं विकतोय, किल्ल्या वेगळ्या ढिगात.
मिरचीच्या पोत्यांशी आले
आणि पहिली शिंक आली. बरं वाटलं.

पाच्छापुरेंच्या वखारीत आता लग्नं लागतात.
नातवानं खुर्ची दिली, पाणी दिलं.
"हौसा? आजोबांच्या वेळी शंभर बायका येत होत्या हो.
इथं तर हौसव्वा म्हणत असतील तिला."
खोटं नाही बोलला.
वहीत अंगठे होते त्यांचे.
खुडायची ती बोटं.

घाटावर गेले.
भिंतीवर पुराच्या रेघा, एकीवर एक, सालासकट.
खालच्या पायरीवर एकजण मोटरसायकल धूत होता,
घासत होता म्हशीसारखी.
मी बोटं बुडवली.
पाणी गार होतं.
बस्स, गार.

परतताना चुरमुऱ्याच्या हाऱ्याशी थांबले, तेही भुकेनं.
बाई काळी, उंच, कपाळभर भंडारा.
पत्र्याचा शेर खुपसला, शीग चढवली, माझ्या पिशवीत ओतली:
लाभ.
दुसरा ओतला:
एरड.

माझा हात पिशवीच्या कडेवर तसाच.

इचलकरंजीत, मागांच्या खडखडाटात,
पाव्हणे आले की आई तांदूळ मापायची:
लाभ, एरड, मूर, नाक.
आम्हाला वाटायचं मंत्र आहे, हसायचो.
बाप म्हणायचा, कानडीत मोजून भात वाढतोय व्हय?
त्यानंतर ती मनात मोजायची.
ओठ हलायचे तेवढे.

पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत,
ना तिकडं, ना इकडं.
दोन्हीकडं लाभच.
माणसं वेगळी होतात ती दुसऱ्या मापाला.

"आणि किती पायजे?"
मोजत ऱ्हावा, म्हटलं.
"एकटीच खातीस काय गं एवढं?"
तिनं माझ्याकडं बघितलं, मग पिशवीकडं,
मग हाऱ्याखालनं रिकामं पोतं ओढून झटकलं.
मूर. नाक. ऐद.
मागं गिऱ्हाईक खोळंबलं, एक पोर कुरकुरलं.
आर. एळ. एंट. ओंबत्त.
हत्त, म्हणाली, आणि वर एक मूठ न मोजता.

मिरची राहिली ती राहिलीच.

एस.टी.त पोतं मांडीवर,
खिडकीतलं अर्धं आभाळ झाकून.
कंडक्टर म्हणाला, लगेज पडेल.
म्हटलं, वजन नाही हो याला.
त्यानं एका हातानं उचलून बघितलं,
खरंच, म्हणाला,
आणि अर्धं तिकीट फाडलं.