ठ

वीतभर उंच, पण तळहातावर घेतला
की मनगट खाली जातं.
चाळीस वर्षांपूर्वीचं शिसं. आता असले कोणी ओतत नाही.
आता प्लास्टिकचे राक्षस,
पंखा लावला तर आडवे.

हा मिळाला नेरूळला,
बोटीवरून निवृत्त झालेल्या मच्याडोंच्या माळ्यावर,
साबुदाण्याच्या बरणीत.
दोन सुटी डोकी, एक हसरं, एक दात विचकणारं,
आणि तळव्याखाली कोरलेलं साल.
"न्यूकॅसलला घेतला, पगार झाला होता," ते म्हणाले,
"दोन्ही हात वर, हातांत धोंडा.
धोंडा कुठे गेला कोण जाणे. समुद्रात असेल."
मी घासाघीस केली नाही.
करायला हवी होती, असं उज्ज्वला म्हणते, अजून.

तीन दिवस डेटॉलमध्ये बुडवला.
घरभर बाळंतिणीच्या खोलीचा वास.
रंग सायीसारखा सुटत गेला:
कुणाचा तरी हिरवा, त्याखाली
त्याच्याही आधीच्या कुणाचा तरी निळा,
आणि काखेत, जिथे कुणाचाच ब्रश पोचला नव्हता,
नुसतं करडं.
बाबांच्या नखांतलं करडं.

नौपाड्यात प्रेस होती. दोन ट्रेडल, एक जुळारी, तो म्हणजे बाबाच.
जेवायच्या आधी रॉकेलनं हात धुवायचे, मग साबणानं,
तरी भाताला शिशाचा वास येतो असं मला वाटायचं.
शिशाला वास नसतो, हे फार नंतर कळलं.
प्रेस मिटली तेव्हा भंगारवाल्यानं
अख्खी मराठी किलोवर नेली,
वेलांट्या, रफार, पूर्णविराम एकाच गोणीत.
बाबांनी एक मूठ खिशात टाकली, न बघता.
घरी ओतली तर एक तुटका क्ष
आणि बाकी सगळे ठ.
ठचं घर त्यांच्या हाताशी होतं.
प्रत्येक लग्नपत्रिकेच्या शेवटी ठाणे,
वाजंत्री कुठलीही असो.

शिसं सडतं. लोकांना खरं वाटत नाही.
लाकडाच्या कपाटात ठेवलं की त्याच्यावर पांढरं पीठ धरतं
आणि आतून पोखरत जातं.
म्हणून माझे अकरा राक्षस लोखंडी कपाटात,
उज्ज्वलाच्या पैठण्यांच्या वरच्या खणात.
आणि खिळे?
ते मी वीस वर्षं सागवानी पेटीत ठेवले होते.
जपून.

घासून घासून एकच शाबूत निघाला.

वितळवून धोंडा ओतता आला असता.
कढई होती, गॅस होता. गॅस पेटवलाही.
मग त्याच्यावर चहा केला,
आणि एम-सीलनं राक्षसाच्या हातांत
खिळा तसाच बसवला.

रविवारी माजिवड्याच्या क्लबहाऊसमध्ये
टेबल टेनिसची जाळी काढून
निमिष ताम्हाणेच्या साठ बुटक्यांसमोर उभा केला.
निमिष पंधरा वर्षांचा, नियमांत माझ्यापेक्षा चोख,
अर्धा इंचही सोडत नाही.
"काका, हातात काय आहे?"
"धोंडा."
"चौकोनी?"
"घडीव आहे."
तो वाकला. खिळ्यावर अक्षर उलटं असतं,
पण ठ उलटा केला तरी जवळजवळ ठच राहतो.
"ठ," तो म्हणाला. "ठ म्हणजे?"
मी फासे त्याच्याकडे सरकवले.

राक्षस मेला की कुठे कोसळणार
तेही फाशावर ठरतं.
माझा माझ्याच माणसांवर पडला. सात गेले.
निमिष खुर्चीवर चढून ओरडला.

हिरव्या टेबलावर एक करडी खूण उमटली,
वाचता येईल इतकी नाही.
सोमवारी सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा झाली:
हे कोणी केलं?